दहा गुण वेगळ्या उत्तराला

'नाव-गाव-फळ-फूल' न खेळलेला मराठी माणूस सापडणं अवघड. वहीचं मधलं पान फाडायचं, उभ्या रेघा मारून रकाने पाडायचे. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणत जायचं, दुसऱ्याने 'थांब' म्हणायचं आणि जे अक्षर निघेल त्यावर सगळ्यांनी तुटून पडायचं. पहिल्याचं लिहून झालं की बाकीच्यांच्या पेन्सिली खाली. मग गुण मोजायचे. उत्तर कुणाशीच जुळलं नसेल तर दहा, दुसऱ्या कुणाचं तेच असेल तर दोघांनाही पाच-पाच.

आता याच मुलांच्या मराठीच्या वह्या उघडा. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध काढा. वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच काळे ढग, तोच थुई थुई नाचणारा मोर, तेच इंद्रधनुष्य आणि शेवटी आईने केलेली तीच गरम भजी. कुणी फळ्यावरून उतरवलेलं, कुणी निबंधमालेतून पाठ केलेलं. इथे जुळणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण, आणि वेगळं काही लिहिलंच तर त्याखाली लाल रेघ. ओट्यावरचा खेळ मुलाला स्वतःचं शोधायला लावतो, वर्गातला निबंध दुसऱ्याचं उचलायला शिकवतो. मुलांना लिहायला शिकवताना खेळाची जागा कोणती, हा प्रश्न शिक्षणाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतो. माझं उत्तर त्या दहा आणि पाच गुणांच्या नियमात आहे. ते घासून पाहायचं तर कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत यावं.

रायगड म्हटलं की लोकांना अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आठवतं. या दोन तालुक्यांना समुद्र नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेला हा मुलूख भाताचा, डोंगराचा आणि नद्यांचा. कर्जतमधून उल्हास वाहते, खालापुरातून पाताळगंगा. डोक्यावर माथेरान, पेठचा कोथळीगड, इर्शाळगड. मुंबईहून पुण्याला जाणारी रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग दोन्ही इथूनच घाट चढतात. कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी थांबत जाते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराच्या कुशीत एखादी वाडी असते. कशेळ्याच्या किंवा कडावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या, बहुतेक इंग्रजीत. त्या पाट्यांच्या मागे थोडं आत चाललं की ठाकरवाडी लागते, कातकरवाडी लागते. तिथल्या मुलांच्या घरी लिहिलेला मजकूर फारसा नसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, दवाखान्याचा कागद, बिस्किटाचा पुडा. घरात बोलली जाते ती ठाकरी किंवा कातकरी. शेजारच्या गावात आगरी किंवा कुणबी वळणाची मराठी. पाठ्यपुस्तकातली मराठी मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडते ती शाळेतच. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची सरकारदरबारी विशेष असुरक्षित म्हणून नोंद आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. लेखन शिकवण्याच्या कुठल्याही पद्धतीची खरी परीक्षा या मुलांच्या वर्गात होते. शहरातल्या मुलाला वाईट पद्धतीने शिकवलं तरी घर ते भरून काढतं. इथे भरून काढायला कुणी नाही.

अशा एखाद्या चौथीच्या वर्गात 'नाव-गाव-फळ-फूल'चा डाव मांडला आणि 'त' हे अक्षर निघालं, असं समजू या. रस्त्यालगतच्या गावातली मुलं फळाच्या रकान्यात काय लिहितील? ताडगोळा सुचेल, एखाद्याला तुती. वाडीवरचं मूल लिहील 'तोरण'. उन्हाळ्यात रानात काटेरी झुडपांवर येणारी पांढरी, पिठूळ गोड फळं. 'ट' निघालं तर बाकीचे टरबूज आणि टोमॅटोवर भांडत बसतील, वाडीवरचं मूल टेंभुर्णी लिहून मोकळं होईल. 'भ'ला भोकर. कुणी 'भाजी'चा रकाना वाढवला तर मग विचारायलाच नको. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली. 'मासा' असा रकाना काढला तर मळे, खवल, शिंगाळा, वाम. पहिल्या पावसात ओढ्याला चढणाऱ्या माशांच्या मागे जे मूल आजोबांबरोबर रात्री गेलंय, त्याला मराठीच्या तासाला प्रथमच दहा-दहा गुण पडायला लागतात. ज्याच्याकडे शब्द नाहीत असं वर्ग धरून चालला होता, त्याच्याकडे सगळ्यांत जास्त शब्द निघतात.

इथे शिक्षकाची कसोटी लागते. दुसरी मुलं ओरडणार, 'बाई, असं फळच नसतं!' तेव्हा बाईंनी निकाल देऊन टाकला तर डाव मोडला. त्याऐवजी त्या मुलाला विचारायचं, हे फळ कुठे येतं, कधी येतं, कसं लागतं, कुणी पाहिलंय का? मूल सांगू लागतं. सांगून झालं की म्हणायचं, हेच लिही, म्हणजे न पाहिलेल्यालाही पटेल. पाच-सहा ओळी होतात. वर्णनात्मक निबंध म्हणून ज्याचा धाक घालतात, तो हाच. त्याच्यापुढे न पटलेला वाचक बसलाय, म्हणून मूल नेमकं लिहितं. मोर आणि इंद्रधनुष्य लिहिताना असा कुणी समोर नव्हता.

याच खेळात शुद्धलेखनही आपोआप येतं, आणि तेही लाल शाईवाचून. 'म' अक्षरावर गाव लिहायचं झालं तर खालापूर तालुक्यातलं मूल 'महड' लिहिणार. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं हे गाव त्याच्या रोजच्या ओळखीचं. पण एक काना जास्त पडला तर 'महाड' होतं. तेही याच जिल्ह्यातलं, पण पार दक्षिणेला, जिथे १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. दोन मुलांनी 'म'ला गाव लिहिलं आणि एकाचा काना जास्त असेल, तर दोघांना पाच द्यायचे की दहा, हा वाद उभा राहतो. काना म्हणजे काय हे ज्या मुलाला तीन वर्षं गिरवून उमगलं नसेल, ते या वादात उमगतं, कारण पाच गुण त्या कान्यावर टांगलेले असतात.

खेळ म्हणजे मुलांना लिखाणाकडे वळवण्यासाठी दाखवलेला खाऊ, असं आपल्याकडे समजलं जातं. आधी थोडं खेळून घ्या, मग अभ्यासाला बसा. ही समजूत मुळातच चुकीची आहे. लिहिण्याचं मूळच खेळात असतं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी मुलाच्या लेखनाचा पूर्वेतिहास मांडला तो असा: आधी हातवारे, मग खेळ, मग चित्र, मग अक्षर. काठी घोडा होते तेव्हाच मूल एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू धरायला शिकतं. अंगणात भातुकली मांडलेली पाहा. पळसाचं पान म्हणजे भाकरी, खडा म्हणजे सुकट, ओली माती म्हणजे कालवण. जमिनीवर कोळशाने आखलेली ठिकरीची घरं पाहा. रेघ नुसती रेघच असते, पण तिच्यावर पाय पडला तर गडी बाद होतो आणि तो निमूट बाजूला होतो. काढलेल्या खुणेला अर्थ असतो आणि तो सगळ्यांनी मानायचा असतो, हे लिपीचं मर्म मुलाला पहिलीत येण्याआधीच अंगणात कळलेलं असतं. शाळेने त्याला ओळख दाखवायची, एवढंच. आपण मात्र पहिल्याच दिवशी अंगण बाहेर ठेवतो आणि 'अ' गिरवायला देतो.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेव्हा मुलांना खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी चाचपायला दिली होती. 'लिहा' असं कुणालाही सांगितलं नव्हतं. एकदा त्यांनी एका मुलाला खडूने घराचं धुराडं काढायला सांगितलं. ते काढून झाल्यावर मुलगा आपणहून फरशीवर शब्द लिहीत सुटला आणि 'मला लिहिता येतं' म्हणून ओरडू लागला. हा प्रसंग त्यांनीच नोंदवून ठेवला आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्याकडे आणला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. परदेशी साधनं परवडणार नव्हती आणि वारली मुलांना ती आपली वाटलीही नसती. म्हणून शिंपले, बिया, खडे, बांबू ही त्यांची साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. आज खेळातून शिक्षणाच्या नावाने चकचकीत प्लास्टिकचे संच शाळेत येतात आणि कपाटात कुलुपात राहतात, तेव्हा कोसबाडची आठवण यावी. त्या दोघींनी मुलांच्या हातात मुलांच्याच रानातलं सामान दिलं.

कुरणशाळेची गोष्ट कर्जत-खालापूरला आजही लागू पडते, याचं कारण दिवाळी. भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जायला निघतात, काही कोळशाच्या कामाला. ती परततात पावसाच्या तोंडावर. दिवाळीच्या सुमाराला वाड्यांवरच्या झोपड्यांची दारं बंद व्हायला लागतात आणि शाळेच्या पटावरची काही नावं नुसती नावं उरतात. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जिच्यामुळे मूल गावातच राहावं. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. सहा-सात महिने दूर राहिलेलं मूल जूनमध्ये परत येतं तेव्हा पाठ केलेलं सगळं पुसलेलं असतं. पण खेळ पुसला जात नाही. भट्टीवर पाठ्यपुस्तक उघडलं जाणार नाही, चिठ्ठ्यांचा डाव मात्र मांडला जाईल. जाताना मुलाबरोबर एखादा लिहिण्याचा खेळ गेला तर त्याच्याबरोबर पेन्सिलही जाईल. वाडीवरच्या शाळांत लेखनाचे खेळ सहामाही संपायच्या आत रुजवायला हवेत, असं मी म्हणते ते यासाठी.

चिठ्ठ्यांचा डाव सगळ्यांना माहीत आहे. कागदाची पट्टी घ्यायची. पहिल्याने 'कोण' ते लिहून पट्टी दुमडायची, दुसऱ्याने 'कुणाबरोबर', तिसऱ्याने 'कुठे', चौथ्याने 'काय केलं'. उघडून वाचलं की 'सरपंचबाई वाघाबरोबर पळसदरी स्टेशनवर पापड लाटत बसल्या' असं काहीतरी निघतं आणि वर्ग हसून लोळतो. पॅरिसमध्ये १९२५ च्या सुमाराला अतिवास्तववादी कवी हाच खेळ खेळत बसत आणि त्यांनी त्याची कला केली. चौथीच्या वर्गात त्याचा उपयोग त्याहून मोठा आहे. कर्ता, क्रियापद, विभक्तीचा प्रत्यय, सगळं यात हाताला लागतं. एकाने 'वाघ' एवढंच लिहिलं आणि 'बरोबर' राहून गेलं तर वाक्य लंगडतं, आणि ते लंगडलं हे मुलंच सांगतात. मग पुढची पायरी. हे वाक्य खरं झालं असेल तर ते का झालं असेल, ते लिहा. सरपंचबाई स्टेशनवर का आल्या? वाघाला पापड कुणी शिकवले? इटलीचे जानी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात याच वाटेवरची युक्ती सांगितली आहे. एकमेकांशी काही नातं नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यात गोष्ट शोधायची. 'कुत्रा' आणि 'कपाट' हे त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 'वीट' आणि 'झोपाळा' घ्या, 'चिंबोरी' आणि 'मोबाइल' घ्या.

दुसरा एक खेळ मला फार मोलाचा वाटतो. कुणाला तरी विटीदांडू शिकवायचा, पण बोलून नाही, लिहून. वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी गावागणिक बदलते. आपल्या वाडीची मोजणी कोणती, गडी बाद कधी होतो, विटी झाडावर अडकली तर काय, हे सगळं असं लिहायचं की दुसऱ्या वाडीतल्या मुलांनी कागद वाचून खेळ मांडावा. मांडता आला नाही तर कागद परत येतो, 'तिसरं वाक्य कळलं नाही' असा निरोप घेऊन. मूल चिडत नाही, कागद घेऊन बसतं आणि दुरुस्त करतं. मोठेपणी अर्ज, तक्रार, अहवाल, कामाच्या सूचना लिहाव्या लागतात. त्या सगळ्या लेखनाची ही तालीम आहे. आणि आपला खेळ लिहून ठेवण्याजोगा आहे, हे वाडीवरच्या मुलाला कळणं ही वेगळीच मिळकत.

कार्तिकी एकादशीला साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार, घोंगड्या, खेळणी, पाळणे. खालापूर तालुक्यातल्या मुलांना ही जत्रा कुठल्याही सहलीपेक्षा जवळची. ती वर्गात मांडता येते. दुकानांच्या पाट्या, भावफलक, 'हरवला आहे' असा फलक, पाळणेवाल्याच्या सूचना, गिऱ्हाईक आणि मासळीवालीचा वाद. पहिलीतलं मूल 'बोंबील' एवढंच लिहील आणि शेजारी चित्र काढेल, चौथीतलं जाहिरात लिहील. दोन-दोन इयत्ता एका शिक्षकाकडे असलेल्या शाळेला असा खेळ सोयीचा पडतो, कारण एकाच खेळात प्रत्येक वयाला काम आहे. साहित्य म्हणून पाठकोरे कागद पुरतात.

महाराष्ट्रात हे काम कुणी केलंच नाही असं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंचा पीएच.डी.चा विषयच फलटणच्या मराठीतले सामाजिक भेद हा होता. मूल घरी जे बोलतं ते अशुद्ध नसून वेगळं आहे, ही समज त्या शाळेच्या पायात आहे. वंचित घरातल्या मुलाच्या लिहिण्या-वाचण्यावर इतकं चिकाटीचं काम मराठीत थोड्यांनी केलं. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला पाठ्यपुस्तकाइतका मान दिला. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून आहे. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तरुण नट आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात, मुलांसमोर गोष्टी रंगवतात आणि मग त्या गोष्टींवर भाषेचे खेळ घेतात. गोष्ट अंगातून गेली की कागदावर यायला सोपी जाते. माधुरी पुरंदरे यांचा 'लिहावे नेटके' हा संच तर प्रत्येक शाळेत असायला हवा. वाक्याशी खेळता खेळता वाक्यावर हुकमत कशी येते हे त्यात दिसतं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. माणसं आहेत, पुस्तकं आहेत. कर्जत-खालापूरच्या शेवटच्या वाडीपर्यंत ती पोचत नाहीत, ही अडचण आहे.

आक्षेपांचंही बोलू. शिक्षक म्हणतात, वेळ कुठे आहे? त्यांचं म्हणणं खोटं नाही. माहिती भरा, फोटो टाका, सर्वेक्षणाला जा, आणि उरलेल्या वेळात दोन इयत्ता शिकवा. शिवाय मोजलं जातं ते वेगळंच. गाजणाऱ्या 'असर' पाहणीची मुख्य चाचणी वाचनाची आणि गणिताची आहे. मूल मनातलं लिहू शकतं का, याची चौकशी होत नाही आणि जे मोजत नाहीत ते मागे पडतं. दहावीच्या मराठीत आता कृतिपत्रिका आहे. त्यात जाहिरात, बातमी, कथा, आत्मकथन असं लिहायला येतं. खेळकर मनाला किती मोकळं रान! पण बाजारात त्यांचीही तयार उत्तरं आली आणि मुलं आता जाहिरातही पाठ करतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' सुरू केला. शनिवारी आनंद असावाच. माझी मागणी सोमवारच्या मराठीच्या तासाची आहे. खेळ हा वेगळा उपक्रम म्हणून वेळापत्रकात बसवला की लिखाण पुन्हा रुक्षच राहतं.

खेळातही वाईट खेळ असतो, हे मान्य केलं पाहिजे. जो खेळ हळू लिहिणाऱ्याला पहिल्या फेरीत बाहेर काढतो, तो त्याच्यासाठी गिरवण्याइतकाच वाईट. 'नाव-गाव-फळ-फूल'मध्ये पहिल्याचं झालं की थांबायचं, हा नियम वर्गात खुशाल मोडावा. जोडीने खेळवावं, एकाने सांगावं, दुसऱ्याने लिहावं. आणि शुद्धलेखनाची भीती? शुद्धलेखन हवंच, माझा त्यात कसलाही सवलतीचा आग्रह नाही. पण त्याची वेळ नंतरची. आधी मुलाला जे म्हणायचंय ते कागदावर उतरू द्यावं, जसं ऐकू येतं तसं लिहू द्यावं. मग तो कागद भिंतीवर लागणार असेल, दुसऱ्या वाडीला जाणार असेल, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ नीट करायला मूल स्वतःच येतं.

एक गोष्ट जपून बोलायची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. या तालुक्यातल्या मुलांना 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला सांगताना त्या पावसाचं भान असलं पाहिजे. ठरलेला निबंध मुलाला खोटं लिहायला लावतो, मोर आणि भजी. उलट थेट 'त्या रात्रीबद्दल लिही' म्हणणं हा निर्दयपणा होईल. खेळ मधली वाट देतो. डोंगर बोलला तर काय बोलेल, घरट्यातून उडालेला पक्षी काय सांगेल, अशा सोंगाआड मूल आपल्याला झेपेल तितकंच बोलतं आणि वाटेल तिथे थांबतं. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना रोज एक शब्द मागायला सांगत आणि तो पुठ्ठ्यावर लिहून देत. त्यांनी 'टीचर' (१९६३) या पुस्तकात नोंदवलंय की मुलांच्या लक्षात एका नजरेत राहिले ते भीतीचे आणि मायेचे शब्द. शिक्षकाने शब्द पुरवायचा, तो कोणता हे मुलाने ठरवायचं.

राहिला प्रश्न मुलांच्या लिखाणाला खरा वाचक मिळण्याचा. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलता येत नसे. म्हणून तो मुलांना घेऊन गावात हिंडे, परत आल्यावर पाहिलेलं मुलांकडून लिहून घेई. १९२४ च्या सुमाराला त्याने एक छोटं छपाईयंत्र शाळेत आणलं आणि मुलांचे मजकूर मुलांनीच खिळे जुळवून छापले. १९२६ मध्ये त्याच्या डोंगरातल्या शाळेने ब्रिटनी किनाऱ्यावरच्या एका शाळेशी पत्रव्यवहार सुरू केला. डोंगरातली मुलं आपल्याकडचं लिहून पाठवत, समुद्राकाठची मुलं त्यांच्याकडचं.

रायगड जिल्ह्याकडे दोन्ही आहे. खांडसच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसेल, मुरूडच्या मुलाने शेवळं खाल्लेली नसतील. दोन्ही शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या. कर्जत किंवा खालापूरची एक शाळा आणि अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनची एक शाळा यांची जोडी लावायला नवा शासन निर्णय लागत नाही, दोन मुख्याध्यापकांचं बोलणं पुरेसं आहे. महिन्यातून एक पाकीट. त्यात खेळाचे नियम, कोडी, माशांची नावं, रानभाज्यांची नावं, चिठ्ठ्यांतून निघालेल्या गोष्टी. भट्टीवर गेलेल्या मुलाच्या नावानेही एक कागद राखून ठेवावा. जून उजाडला की तो त्याला मिळावा.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण शनिवार-रविवारी या तालुक्यांत येता. फार्महाऊसवर उतरता, माथेरानला जाता, महडला दर्शन घेता. काहीजण शाळेत वह्याही वाटता. पुढच्या वेळी वह्यांबरोबर वर्गशिक्षकांच्या संमतीने आपला पत्ता ठेवून या, आणि मुलांना सांगा की तुमच्या रानातलं, मला माहीत नसलेलं काहीतरी लिहून पाठवा. पत्र आलं तर उत्तर नक्की लिहा, शाळेच्या नावाने, संपूर्ण वर्गाला. चुका काढू नका, प्रश्न विचारा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. कर्जतचा पिनकोड ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२.